कोरी तक्रारवही

आमच्या कारखान्यात त्यांना तोंडावर सगळे साहेब म्हणायचे आणि पाठ वळली की लालशिक्का. मीही म्हणायचे. बावीस वर्षं त्यांच्या हाताखाली काढल्यामुळे तो हक्क माझा इतरांपेक्षा जरा जास्तच होता. ते कंपनीचे वकील. काळा कोट घालून कोर्टात भांडणारे नव्हेत, तर पगारावर आत बसणारे. आमचा विधी विभाग म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, पाच लोखंडी कपाटं, ते आणि मी. ते सांगत, मी टाइप करी. मग ते टाइप केलेल्यावर निळ्या पेनाने रेघा ओढत आणि मी पुन्हा टाइप करी.

माणूस चांगला होता. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढचं वाचून कोणालाही वाटेल की हिच्या मनात त्यांच्याबद्दल नुसतं विष भरलंय. विष आहेच. माझ्या सख्ख्या बहिणीच्या हापशाच्या पाण्यात काय आहे, हे या माणसाला तीन वर्षं ठाऊक होतं. रोज सकाळी ते मला "या बाई, बसा" म्हणायचे, माझ्याकडून पत्रं टाइप करून घ्यायचे, संध्याकाळी "सावकाश जा" म्हणायचे. आणि ते त्यांनी मला सांगितलं नाही.

आमचा कारखाना बेअरिंगचा. तेलकट भाग धुवायला एक द्रावण वापरतात, त्याला गोडसर वास येतो. धुलाई खात्यातल्या लोकांच्या कपड्यांना तो कायमचा चिकटलेला असायचा. कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून एक गल्ली आहे, बैठ्या घरांची. तिच्या टोकाला हापसा. माझी ताई तिथे तिसऱ्या घरात राहायची. भाऊजी लवकर गेले, मूलबाळ नाही. घरीच मशीनवर शाळेचे गणवेश शिवायची. आमची आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते आणि ताई सतरा. माझ्या वेण्या तिने घातल्या, माझी फी तिने भरली, टायपिंगच्या क्लासला मला तिनेच ढकललं. तेव्हा ती माझी बहीण होती की आई, याचा हिशेब आम्ही कधी केला नाही.

आता साहेबांचं काम सांगते. कंपनीने माणसं, माती, पाणी सांभाळून धंदा करावा, म्हणजे तो पुढेही चालत राहील, याला हल्ली शाश्वतता म्हणतात. आमचं बाहेरदेशीचं गिऱ्हाईक दरवर्षी त्याचा अहवाल मागायचं. तो गुळगुळीत कागदावर निघायचा आणि मुखपृष्ठावर एका तळहातावर रोपटं असायचं. तळहात कोणाचा देव जाणे, आमच्याकडे इतका स्वच्छ हात कोणाचाच नव्हता. प्रसिद्धी खातं मजकूर लिहायचं आणि तो साहेबांच्या टेबलावरून गेल्याशिवाय छापायला जात नसे. इथे भल्याभल्यांना घाम फुटायचा. साहेबांचा नियम एकच. वाक्याला कागद पाहिजे.

एका वर्षी प्रसिद्धीवाल्यांनी लिहिलं, आम्ही पाच हजार झाडं लावली. साहेबांनी फोन लावला. "कागद?" रोपं खरेदी केल्याचा कागद आला. "हा घेतल्याचा कागद झाला. जगल्याचा कुठाय?" तो कोणाकडेच नव्हता. मग दुसऱ्या दिवशी भर उन्हात साहेब डोक्यावर रुमाल टाकून कुंपणाच्या कडेने झाडं मोजत निघाले आणि मी मागून वहीत रेघा मारत. सहाशे बारा निघाली. अहवालात तेच छापलं: पाच हजार लावली, सहाशे बारा जगली. मोठ्या साहेबांच्या, म्हणजे आमच्या डायरेक्टरांच्या, अंगाचा तिळपापड झाला. पण पुढच्या वर्षी माळी नेमला गेला आणि दोन हजार झाडं उभी राहिली. साहेब त्या दिवशी खुशीत होते. म्हणाले, "बोललेलं माणूस सहज विसरतो बाई. सही केलेलं विसरायला त्याला वकील लागतो. तो वकील मी आहे, आणि मी विसरू देत नाही."

असंच त्यांनी बरंच काही करून घेतलं होतं. कंत्राटदाराच्या करारात हातमोज्यांचं कलम घातलं. ॲसिडची पिंपं ओढ्यात रिकामी करणाऱ्याचं काम बंद पाडलं. आणि तक्रारवही सुरू केली. आसपासच्या कोणीही, कारखान्यात नोकरी असो वा नसो, तिच्यात तक्रार लिहावी. तक्रार नोंदली गेली की पंधरा दिवसांत बाहेरच्या प्रयोगशाळेकडून तपासणी आणि निकाल कारखान्याच्या फाटकावर. मोठ्या साहेबांनी त्यावर सही केली, कारण गिऱ्हाइकाने या कलमाचं फार कौतुक केलं होतं. वही माझ्या ताब्यात होती. दर सोमवारी साहेब विचारायचे, "वहीत काही?" मी म्हणायची, "काही नाही साहेब." हे सांगताना मला अभिमान वाटायचा. घर झाडून स्वच्छ ठेवलंय असं पाहुण्याला दाखवावं, तसा.

पुढचं मला फार नंतर कळलं, त्यांच्याच तोंडून. धुलाई खात्यातला एक जुना माणूस निवृत्त होताना त्यांच्याकडे येऊन सांगून गेला, की मागच्या भिंतीजवळच्या जुन्या हौदाला तडा गेलाय आणि द्रावण कित्येक वर्षं जमिनीत मुरतंय. साहेब तडक मोठ्या साहेबांकडे गेले. गल्लीतलं पाणी तपासू या म्हणाले.

"आणि काही निघालं तर?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"तर निस्तरायचं."

"आणि बाहेर कळलं तर कोण निस्तरणार?"

दोन महिने हेच चाललं. तपासलंच नाही तर माहीत नाही, आणि माहीत नाही तर जबाबदारी नाही, असं मोठ्या साहेबांचं सरळ गणित. मग आमच्या साहेबांनी डोकं लढवलं. वकिलाने अशिलाला सल्ला देण्यासाठी मागवलेला कागद गोपनीय असतो, तो कोर्टालाही मागता येत नाही. तेव्हा तपासणी कंपनीने नको, मी माझ्या नावाने मागवतो, अहवालावर माझा 'गोपनीय'चा लाल शिक्का मारतो, म्हणजे तो बाहेर जाणार नाही. तुम्हाला खरं काय ते कळेल, आपण गुपचूप दुरुस्त करू, आणि दुरुस्त झालं की आपणहून जाहीर करू. मोठे साहेब लगेच तयार झाले. इतक्या लगेच, की तिथेच शंका यायला हवी होती. पण साहेबांची ठाम समजूत अशी, की एकदा का माणसाच्या डोळ्यांसमोर खरा आकडा ठेवला, की तो गप्प बसू शकत नाही. आयुष्यभर वकिली केलेल्या माणसाची ही समजूत. मला अजून राग येतो.

अहवाल आला. पाण्यात द्रावण होतं, चालतं त्याच्या चाळीस पट. साहेबांनी शिक्का मारला. आणि मोठे साहेब गप्प बसले. पुढच्या वर्षी बघू, आधी नवीन यंत्र येऊ दे, आधी ती मोठी ऑर्डर जाऊ दे. साहेब दर तीन महिन्यांनी त्यांना पत्र द्यायचे: हौद बुजवा, गल्लीला नळ द्या, लोकांना सांगा. ती पत्रं ते स्वतः टाइप करायचे, दोन बोटांनी, दार लावून. ज्या माणसाने पाकिटावरचा पत्तासुद्धा कधी स्वतः टाइप केला नव्हता, तो दाराआड टकटक करतोय म्हटल्यावर मला वाटलं, माझ्या नोकरीवर गदा येणार. मी महिनाभर त्यांच्याशी तुटक वागले. ते मात्र माझ्याशी जास्तच मऊ वागायला लागले, आणि माझी खात्रीच पटली.

बाहेर ते बोलू शकत नव्हते. अशिलाचं गुपित फोडलं तर वकिलाची सनद जाते, हे तर होतंच. पण नुसत्या सनदेची भीती नव्हती. "मी गेलो असतो तर माझ्या जागी त्यांनी असा माणूस आणला असता, जो पत्रंसुद्धा लिहिणार नाही," असं ते मला नंतर म्हणाले. असेलही. आत राहून त्यांनी बारा पत्रं लिहिली. बारा पत्रांनी हौदाची एक वीट हलली नाही.

त्याच सुमाराला एक दिवस त्यांनी अगदी सहज विचारलं, "तुमच्या ताई मागच्या गल्लीतच ना?" मी हो म्हटलं. "ऑफिसचं फिल्टरचं पाणी नेत जा त्यांना. चव चांगली आहे." मला हसू आलं. साहेबांना म्हातारचळ लागला म्हटलं. तरी आठवडाभर नेलं, दोन दोन बाटल्या, खांदा मोडेपर्यंत. ताईने तिसऱ्या दिवशीच नाक मुरडलं. "अगं, मी काय आजारी आहे का? हापसा चार पावलांवर आहे. तुझ्या साहेबांना म्हणावं, एवढं पाणी उतू जात असेल तर गल्लीला नळ द्या." मी हे साहेबांना हसत हसत सांगितलं. ते हसले नाहीत. "त्यांना म्हणावं, हेच लिहून द्या," ते म्हणाले, आणि पुन्हा फायलीत डोकं घातलं.

त्या वर्षीच्या अहवालात पाण्यावरून रण माजलं. मोठ्या साहेबांना छापायचं होतं, शेजारच्या पाण्यावर आमच्या कारखान्याचा काहीही परिणाम नाही. साहेब अडून बसले. नऊ दिवस छपाई थांबली. छापखान्यातून फोनवर फोन. शेवटी मधला मार्ग निघाला, म्हणजे मोठ्या साहेबांनी काढला: "पाण्याबाबत परिसरातून एकही तक्रार नोंदली गेलेली नाही." वाक्य खरं होतं आणि कागद असेल तर साहेबांना ते अडवता येत नव्हतं. त्यांनी मला वही आणायला सांगितली. मी आणली. त्यांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत प्रत्येक पान उलटून पाहिलं, कोरं असूनही.

"एकही नाही?"

"एकही नाही साहेब."

"नक्की? तोंडी? चिठ्ठीचपाटी?"

"नाही साहेब."

ते जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि मग त्यांनी सही केली. पेनाचं टोपण लावायलाही विसरले.

ताईची कंबर दुखायला लागली ती पुढच्या हिवाळ्यात. मशीनवर बसून दुखते म्हणून तिने सहा महिने काढले. मग लघवीतून रक्त गेलं, तेही तिने मला पंधरा दिवसांनी सांगितलं. मूत्रपिंडात गाठ होती आणि ती तिथेच थांबलेली नव्हती. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बारकाईने विचारत होत्या. "कुठल्या कारखान्यात काम केलंय का? रंग, द्रावणं?" ताई म्हणाली, "छे हो. आयुष्यभर सुई-दोरा." "मग पाणी कुठलं पिता?" ताईने सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतलं आणि विचारलं, "हापशाच्या जवळ काय आहे?" ताईने माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाली, "हिचं ऑफिस." ती चेष्टा करत होती.

सोमवारी मी साहेबांच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. ते "वहीत काही?" विचारणार, त्याच्या आत मी बोलले.

"साहेब, ताईच्या पाण्यात काही आहे का?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही."

बावीस वर्षं मी या माणसाची वाक्यं टाइप केली होती. काही नसतं तेव्हा ते "नाही" म्हणतात आणि पुढच्या कामाला लागतात.

"किती दिवसांपासून देता येत नाही?"

"तीन वर्षं झाली."

मी खुर्चीत बसले. त्यांच्यासमोर मी न विचारता कधी बसले नव्हते. ते उठून बाहेर गेले, माझ्या कपाटातून तक्रारवही घेऊन आले, पहिलं कोरं पान उघडून माझ्यापुढे ठेवलं आणि स्वतःचं पेन माझ्या हातात दिलं. "बहिणीचं नाव लिहा, पत्ता लिहा. पाण्याला वास येतो, एवढंच लिहा. पंधरा दिवसांचं कलम आहे. एकदा नोंद झाली की तपासणी मोठ्या साहेबांनाही थांबवता येत नाही आणि त्या अहवालावर माझा शिक्का बसत नाही." ते समोर उभेच राहिले. "तीन वर्षं मी एका ओळीची वाट बघतोय बाई. कोणाच्याही हातची. दर सोमवारी तुम्हाला विचारत होतो."

मी लिहिलं. अक्षर माझं आहे असं वाटत नव्हतं.

पंधराव्या दिवशी निकाल फाटकावर लागला. गल्ली फाटकावर लोटली, मग टँकर आले, मग नळ. हौद उकरला. तक्रार लिहायला कर्मचाऱ्याला चिथावणी दिली, म्हणून मोठ्या साहेबांनी आमच्या साहेबांना घरी बसवलं आणि वकिलांच्या मंडळाकडे त्यांच्याविरुद्ध अर्जही केला. ती चौकशी अजून चालू आहे. आणि त्या वर्षीच्या अहवालात, त्याच गुळगुळीत कागदावर, छापून आलं की आमच्या सक्षम तक्रार यंत्रणेमुळे परिसरातील पाण्याचा प्रश्न वेळीच लक्षात आला. शेजारी नळाखाली हंडा धरलेल्या बाईचा फोटो. 'वेळीच' या शब्दाला कागद कोणी मागितला नाही. मागणारा घरी बसला होता.

घरी बसल्यावर महिनाभराने, दुपारी तीनच्या सुमाराला, साहेब ताईकडे आले. मी तिच्या पायाशी बसले होते. तिची हाडं दिसायला लागली होती, पण जीभ होती तशीच होती. साहेब मशीनजवळच्या स्टुलावर बसले, गुडघ्यावर हात ठेवून, शाळेत शिक्षेला बसवल्यासारखे. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत.

"तुमच्या पाण्यात काय आहे, ते मला तीन वर्षं माहीत होतं. मी सांगितलं नाही. हे तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळू नये, म्हणून आलो."

ताई उशीवर जरा वर सरकली. मग म्हणाली, "पण आम्ही अर्ज दिला होता की तुम्हाला."

साहेब स्टुलावर पुढे सरकले.

"अकरा बायकांच्या सह्या होत्या. मीच लिहिला, मापं घ्यायच्या वहीतला कागद फाडून. पाण्याला गोड वास येतो, बघा म्हणून. हिच्या हाती पाठवला. महिन्याने हिला विचारलं, तर म्हणाली, साहेब बघू म्हणालेत." तिला धाप लागली. "तुम्ही बघू म्हणालात, म्हणून आम्ही गप्प बसलो."

हे मी आत्तापर्यंत लिहिलं नाही. अर्ज तिने दिला होता, अहवाल छापायच्या आठवडाभर आधी. बाहेरदेशीचं गिऱ्हाईक पाहणीला यायचं होतं. साहेबांची वही इतक्या वर्षांत पहिल्यांदा डागाळणार आणि तीही माझ्याच बहिणीच्या नावाने, लोक म्हणतील हिनेच लिहून घेतलं. वास तर काय, कारखान्याजवळ वास येणारच, असं मी स्वतःला समजावलं. आठवडाभर तो कागद माझ्या पर्समध्ये होता. साहेबांनी "एकही नाही?" विचारलं, तेव्हा पर्स माझ्या खांद्यालाच होती. नंतर मी तो कागद फाडायच्या यंत्रात घातला. मी त्यांना त्रासातून वाचवत होते. खरोखर मला तसंच वाटत होतं.

साहेबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. ज्या नजरेने ते एखादं वाक्य दुसऱ्यांदा वाचत, तसं. मी जमिनीकडे बघत होते. त्यांनी नुसतं "मला अर्ज मिळाला नाही" म्हटलं असतं, तरी संपलं असतं. ते खरं होतं, आणि आयुष्यभर या माणसाने खऱ्याशिवाय एक ओळ पुढे जाऊ दिली नव्हती.

"हो," ते ताईला म्हणाले. "बघू म्हणालो होतो. माझी चूक झाली."

ताईने तोंड भिंतीकडे फिरवलं. "जा तुम्ही," ती म्हणाली. ते उठले, दाराशी चपला घालताना एकदा अडखळले आणि गेले. मी त्यांना हाक मारली नाही. तेव्हाही नाही आणि नंतर अडीच महिने ताई रोज त्यांना शिव्या घालत होती, तेव्हाही मी तिला खरं सांगितलं नाही. मी तिचं अंग पुसायची, तिला पाणी पाजायची आणि "जाऊ दे ताई" म्हणायची. जाताना तिचा हात माझ्या हातात होता.

त्या दिवशी साहेब आले होते. हातात हार होता. गल्लीतल्या बायकांनी त्यांना दारातच अडवलं, नाही नाही ते बोलल्या आणि हाकलून दिलं. मला आत सगळं ऐकू येत होतं. मी बाहेर आले नाही.